बेटावरच्या विहिरीचे पाणी गोडे कसे?

समजा तुम्ही मुंबईच्या बंदरातून लक्षद्वीपच्या सफरीला निघाला आहात. २०२१ साली मुंबईहून अशी एक पर्यटन-जहाजसेवा सुरू झाली. बेट जवळ येते तशी माडांची हिरवी रांग आणि पांढरी वाळू दिसू लागते. पण जहाज किनाऱ्याला लागत नाही. ते दूर खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना लहान होड्यांतून बेटावर नेतात. बेटाभोवती प्रवाळांचा खडक पाण्याखाली पसरलेला असतो. त्याच्या आतले पाणी इतके उथळ, की मोठ्या जहाजाचा तळ खडकावर घासेल.

लक्षद्वीपची सगळी, म्हणजे ३६ बेटे मिळून क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर. बेटाची एक बाजू सोडून चालू लागलात, तर पाव-अर्ध्या तासात दुसऱ्या बाजूचा समुद्र समोर येतो. जमीन समुद्रापेक्षा जेमतेम काही मीटर उंच. नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही. तरीही घरांच्या अंगणात उथळ विहिरी आहेत आणि त्यांचे पाणी पिण्याजोगे गोडे! चहूकडे खारा समुद्र असताना हे गोडे पाणी येते कोठून?

ते येते आकाशातून. या बेटांवर वर्षाला साधारण १६०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे नाशिक शहराच्या दुपटीहून अधिक. बेटाची जमीन प्रवाळांच्या चुऱ्याची, वाळूची आणि सच्छिद्र चुनखडकाची. पडलेले पाणी वाहून न जाता सरळ खाली मुरते. पण खालच्या खडकातही समुद्राचे खारे पाणी भरलेले आहे. मग दोन्ही मिसळून का जात नाहीत?

एक सोपा प्रयोग करा. काचेच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत पाणी घ्या. त्यात तीन-चार चमचे मीठ विरघळवा आणि शाईचे दोन थेंब टाका. पाण्यावर कागदाचा लहान तुकडा तरंगत ठेवा व त्यावर साधे पाणी अगदी हळूहळू ओता. साधे पाणी वर, रंगीत खारे पाणी खाली, असे दोन थर दिसतील. साध्या पाण्याची घनता १.०००, तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५. हलके पाणी जड पाण्यावर तरंगते. बेटाखाली हेच घडते. शिवाय वाळू व खडक पाण्याला सहज हलू देत नाहीत, त्यामुळे ते मिसळतेही सावकाश. हा गोड्या पाण्याचा थर मध्यभागी जाड आणि किनाऱ्याकडे पातळ, म्हणजे बहिर्गोल भिंगासारखा असतो. म्हणून त्याला ‘गोड्या पाण्याचे भिंग’ म्हणतात.

आता थोडे गणित. समुद्रपातळीखाली १० मीटरवर खाऱ्या पाण्याच्या स्तंभाचा जो दाब असेल, तेवढाच दाब देण्यासाठी गोड्या पाण्याचा स्तंभ १० × १.०२५ = १०.२५ मीटर उंच हवा. म्हणजे गोड्या पाण्याची पातळी समुद्राहून २५ सेंटिमीटर वर असेल, तर ते समुद्रपातळीखाली १० मीटरपर्यंत पोहोचते. वर एक भाग, खाली चाळीस भाग! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमध्ये गायबेन यांनी आणि १९०१ साली जर्मनीत हर्झबर्ग यांनी स्वतंत्रपणे हा नियम मांडला. प्रत्यक्षात भरती-ओहोटीमुळे दोन्ही पाणी मधल्या पट्ट्यात मिसळतात, म्हणून खरे भिंग हिशेबापेक्षा पातळ असते.

या चाळीस पटीतच धोका आहे. उपशामुळे पातळी ५ सेंटिमीटर उतरली, तर कालांतराने खालचे खारे पाणी २ मीटर वर चढेल. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांतले आड काळ्या खडकात खणलेले. आपल्याकडे विहीर आटली की ती आणखी खोल नेतात. बेटावर हा उपाय नव्हे, अपाय आहे. खोल जावे तसा समुद्रच हाती लागतो. पंपाने भराभर उपसा केला तरी तेच. आणि विहिरीत एकदा मीठ शिरले, की पुढचे पावसाळे त्या पाण्याला पुन्हा गोडे करीपर्यंत वाट पाहावी लागते.

गंमत अशी, की आपला काळा खडक आणि लक्षद्वीपचा पाया हे एकमेकांचे नातलग आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त स्थानातून दख्खनचा लाव्हा बाहेर आला, त्याच्यावरूनच भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि लक्षद्वीपखालची ज्वालामुखी डोंगररांग तयार झाली, असे भूवैज्ञानिक मानतात. त्या रांगेवर प्रवाळांनी आपल्या चुन्याच्या सांगाड्यांचे थर रचले. म्हणूनच बेटाच्या कडेपासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो.

या खोलीचाच उपयोग करून चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ साली कवरत्ती बेटावर रोज एक लाख लिटर गोडे पाणी देणारे संयंत्र उभारले. नाशिक समुद्रसपाटीहून सुमारे ६०० मीटर उंच असल्याने इथे पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते, कारण हवेचा दाब कमी असतो. दाब खूपच कमी केला, तर? संयंत्रात पंपाने हवा काढून दाब इतका उतरवतात, की समुद्राच्या पृष्ठभागावरचे २८ अंशांचे पाणीही उकळू लागते. त्याची वाफ सुमारे ३५० मीटर खोलीवरून आणलेल्या १२-१३ अंशांच्या गार पाण्याने थंड केली, की गोडे पाणी मिळते. मात्र पंपांना वीज लागते. पाऊस ते काम फुकट करतो.

कधी लक्षद्वीपला गेलात, तर विहिरीत दोरी सोडून पाण्याची पातळी मोजा. सहा तासांनी पुन्हा मोजा. समुद्राच्या भरती-ओहोटीबरोबर विहीरही चढते-उतरते, असे दिसेल. त्या विहिरीचे पाणी समुद्रावर तरंगते आहे, याची याहून चांगली खूण कोणती? आणि तुम्ही हात धुवायला घेतलेला तांब्याही त्याच पातळ भिंगातला असू शकतो, एवढे ध्यानात ठेवा.