कुंडीतली कळलावी

पहिल्या पावसानंतर कोकणातल्या कुंपणांवर कळलावी डोकं वर काढते आणि गौरी-गणपतीच्या सुमारास लाल-पिवळ्या फुलांनी पेटून उठते. ही रानवेल कुंडीतही छान वाढते.

तिचा कंद दोन शाखांचा, इंग्रजी ‘व्ही’सारखा. डोळा असतो तो शाखेच्या टोकाला. टोक मोडलं तर ती शाखा सहसा उगवत नाही, त्यामुळे कंद जपून हाताळावा. मेअखेरीस बारा इंची कुंडीत माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत भरून कंद आडवा ठेवावा, वर दोनेक इंच माती लोटावी. कोंब दिसेपर्यंत पाणी बेतानं. पाणी साचलं की कंद कुजलाच म्हणून समजा.

आता आधार. इथे बहुतेकांचं चुकतं. कळलावीला वेगळे तणावे नसतात. पानाचं टोकच लांबून वळतं आणि मिळेल त्याला विळखा घालतं. एवढंसं टोक जाड बांबूला कसं धरणार? तिला सुतळी, बारीक तार किंवा वाळक्या काटक्या द्याव्यात. वेलीला ऊन हवं, मुळाशी मात्र गारवा.

फूल हिरवट उमलतं, मग पिवळं, शेवटी लालभडक होतं. पाकळ्या मागे उलटलेल्या आणि परागवाहिनी काटकोनात बाजूला वळलेली, म्हणून स्वतःचे पराग सहजी पोचत नाहीत. बी हवं असेल तर पराग हातानं लावावे. तमिळनाडूत, जिथे हे राज्यफूल आहे, शेतकरी बियांसाठी असंच करतात. त्या बियांतून कोल्चिसीन काढतात. ते गाउटवरचं औषध आहे. पण बियांपासून फूल यायला काही वर्षं लागतात. हौशी माणसानं कंदच लावावा.

पावसाळा सरला की वेल पिवळी पडते. मेली समजून कुंडी रिकामी करू नका! पाणी थांबवून कुंडी कोरड्या जागी ठेवा. जुना कंद सुकतो, त्याच्या जागी नवे तयार झालेले असतात. तेच पुढच्या वर्षी उगवतात.

बियांतून औषधासाठी काढतात तेच कोल्चिसीन साऱ्या झाडात असतं, कंदात आणि बियांत विशेष, आणि ते जीवघेणं विष आहे. कंद उगाळून घ्यायचे घरगुती उपाय कुणी सांगितले तरी करू नका. हातमोजे घालूनच काम करा. घरात रांगतं मूल किंवा पानं चावणारं कुत्रं असेल, तर ही वेल लावूच नका. कंद रानातून उपटू नका, रोपवाटिकेतून घ्या.