जुनी गिअर सायकल घेताना : पैसा कोठे घालावा, कोठे घालू नये

यवतमाळ जिल्ह्यात जाड टायरची, गिअरची सायकल आता नवलाईची राहिलेली नाही. इंग्रजीत तिला ‘माउंटन बाइक’ म्हणतात. आपल्याकडे सरसकट ‘रेंजर’ किंवा ‘गिअरची सायकल’ म्हणतात. यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस, उमरखेड येथील मुले ती हौसेने घेतात, दोन-तीन वर्षे चालवितात आणि मोटारसायकल हाती आली की ती मागच्या भिंतीला टेकून उभी राहते. पुढे अशा सायकली कमी भावात विकावयास निघतात. शाळेत जाणाऱ्या मुलासाठी, दुकानाच्या फेऱ्यांसाठी किंवा दुरुस्त करून पुन्हा विकण्यासाठी आपल्यापैकी अनेकजण त्या घेतात.

येथेच फसगत होते. विकणारा जो भाव सांगतो, ती त्या सायकलीची किंमत नसते. तो भाव अधिक तिला रस्त्यावर धड चालती करण्याचा खर्च, ही खरी किंमत होय. हा दुसरा आकडा सौदा ठरण्यापूर्वी काढणारा माणूस नफ्यात राहतो; नंतर काढणारा पस्तावतो.

जुन्या सायकलीतून जन्मलेली सायकल

कारागीर बांधवांना एक गोष्ट ठाऊक असावी. या सायकलीचा जन्म मोठ्या कारखान्यात झालेला नाही. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरीन परगण्यात काही तरुणांनी भंगारात पडलेल्या, दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या जाड टायरच्या सायकली गोळा केल्या. त्यांना ब्रेक व गिअर जोडले आणि डोंगरउतारावर शर्यती लावल्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे ‘रिपॅक’ नावाची पहिली शर्यत झाली. उतारावर मागच्या हबमधील ब्रेकचे ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर हब खोलून ते नव्याने भरावे लागे, म्हणून हे नाव पडले. त्यांच्यापैकी जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये या कामासाठी खास फ्रेम बनविली. गॅरी फिशर व चार्ली केली यांनी १९७९ मध्ये अशा सायकलींचा व्यवसाय सुरू केला. म्हणजे दुरुस्ती करणाऱ्या हातांनीच हा धंदा उभा केला. आपल्या गावच्या मिस्त्रीला यात परके असे काही नाही.

आपला रस्ता कोणता?

खरेदीपूर्वी पहिला प्रश्न सायकलीचा नव्हे, चालविणाऱ्याचा विचारावा. कोण चालविणार, रोज किती अंतर, कोणत्या रस्त्यावर आणि मागे किती ओझे?

आपल्या जिल्ह्याची जमीन एकसारखी नाही. पुसदकडील मुलूख डोंगराळ आहे. तेथे गिअरचा खरा उपयोग होतो. वणीकडे वर्धा नदीच्या बाजूला बराच भाग सपाट आहे. तेथे २१ गिअरपैकी तीन-चारच वापरात येतात. पावसाळ्यात कपाशीच्या शेतातली काळी माती टायरला चिकटून चिमट्यात आणि ब्रेकमध्ये अडकते व चाक जागीच थांबते. उन्हाळ्यात बाभळीचे काटे आणि सराटे ट्यूबचा पिच्छा सोडत नाहीत. तेव्हा टायर आणि चिमटा यांच्यामध्ये बोट सहज जाईल एवढी जागा असलेली सायकल शेतरस्त्याला चांगली. टायरला अगदी चिकटून बसविलेले प्लास्टिकचे मडगार्ड मात्र पावसाळ्यात त्रास देते.

पाहणी कशी करावी

सायकल दिवसाउजेडी पाहावी आणि धुऊन पुसलेल्या सायकलीवर भाळू नये. पुढील क्रम ठेवल्यास १५ मिनिटांत तिची बहुतेक कुंडली कळते.

फ्रेम : सायकल उलटी करून हँडलजवळ खालच्या नळीची मागची बाजू पाहावी. तेथे रंग सुरकुतला किंवा तडकला असेल तर सायकल समोरून जोरात धडकलेली आहे असे समजावे आणि सौदा सोडावा. लोखंडी फ्रेमची चीर चांगला वेल्डर भरू शकतो. अ‍ॅल्युमिनिअमच्या फ्रेमचे तसे नाही. तिला कारखान्यात उष्णता देऊन बळकटी आणलेली असते. वेल्डिंगने ती बळकटी जाते. आपल्या भागात थोडी जड असली तरी लोखंडी फ्रेम सोयीची, ती यासाठीच.

चाके : चाक फिरवून रिम ब्रेकच्या रबराजवळून कशी जाते ते पाहावे. थोडा आउट मिस्त्री काढतो. पण रिमला दणका बसून खड्डा पडला असेल, किंवा ब्रेकने घासून रिमची बाजू आत वाकली असेल, तर रिमच बदलावी लागते. चाक वरून धरून डावी-उजवीकडे हलवावे. खडखड झाली तर छर्रे व कोन पाहावे लागतील. मागील चाक फिरविताना फ्री-व्हीलच्या बाजूचा एक्सल डगमगताना दिसला तर तो वाकलेला आहे. आट्यावर बसणाऱ्या सात चकत्यांच्या फ्री-व्हीलमध्ये हा दोष वारंवार आढळतो. तेथे छर्रे एक्सलच्या टोकापासून बरेच आत असतात आणि ओझ्याने एक्सल वाकतो. मागे माल लादावयाचा असेल तर ही तपासणी चुकवू नये.

हँडल आणि बी.बी. : पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवावी. हँडलच्या कटोरीत ठकठक लागली तर छर्रे ढिले आहेत. क्रँकचे दोन्ही हात धरून आडवे हलवावेत. हलल्यास बी.बी. खोलावी लागेल. सीटची नळी वर-खाली होते का तेही पाहावे. गंजून अडकलेली नळी काढताना फ्रेम बिघडते.

चेन : सर्वांत उपयोगी परीक्षा हीच. सायकलीच्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच अंतर असते. म्हणजे २४ अंतरे मिळून बरोबर १२ इंच व्हावयास हवेत. पोलादी पट्टी लावून मोजावे. शेवटची पिन १२ इंचांच्या पुढे एक-षोडशांश इंच गेली असेल तर चेन बदलावी. एक-अष्टमांश गेली असेल तर झिजलेल्या चेनने फ्री-व्हीलचे दातही खाल्लेले असतात. तेव्हा चेनसोबत फ्री-व्हीलचाही खर्च धरावा. ही मोजणी विकणाऱ्यासमोरच करावी म्हणजे भावाबद्दल वाद उरत नाही.

कागद आणि खात्री

जुन्या बिलाची मागणी जरूर करावी. बिल नसल्यास फ्रेमवर ठोकलेला नंबर, बहुधा बी.बी.च्या खाली असतो तो, लिहून घ्यावा आणि विकणाऱ्याच्या सहीची चिठ्ठी घ्यावी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ अन्वये गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या मालाचा धंदा करणाऱ्याने तर अशी वहीच ठेवावी. तसेच शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना मिळालेली सायकल कोणी विकत असेल तर ती घेऊ नये. ती मुलगी शाळेत टिकावी यासाठी दिलेली असते.

हिशेब कसा मांडावा

पुढील आकडे केवळ पद्धत दाखविण्यासाठी घेतले आहेत. आपण आपल्या बाजारातील भाव घालावेत. समजा विकणारा ३,५०० रुपये सांगतो. ब्रेकची रबरे व वायरी ३५०, चेन ३५०, फ्री-व्हील ४५०, दोन टायर-ट्यूब १,२०० आणि ओव्हरहॉलची मजुरी ५००, असा खर्च २,८५० रुपये झाला. म्हणजे सायकल ६,३५० रुपयांना पडली.

आता तशाच नव्या सायकलीचा आजचा भाव पाहावा. तो ९,००० असेल तर त्याचा दोन-तृतीयांश भाग ६,००० होतो. आमच्या मते जुन्या सायकलीवरील एकूण खर्च या रेषेच्या वर जाऊ देऊ नये. ६,००० मधून २,८५० वजा केल्यास ३,१५० उरतात. हा आपला शेवटचा भाव. विकणारा त्याखाली येत नसेल तर सलाम करून पुढे जावे.

येथे आणखी एक बाब लक्षात घ्यावी. सायकल व तिच्या सुट्या भागांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. त्यामुळे विकणारा जुने बिल दाखवून ‘एवढ्याला घेतली होती’ म्हणाला तरी तुलना त्या बिलाशी न करता दुकानातील आजच्या भावाशी करावी.

प्रथम काय बदलावे

ब्रेक प्रथम. मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे. बाजारात ज्याला ‘पॉवर ब्रेक’ म्हणतात तो रिमवर धरणारा ब्रेक नवी रबरे, नवी वायर आणि स्वच्छ रिम मिळाली की उत्तम धरतो. दुसरे टायर. डांबरी रस्त्यावर रोज जाणाऱ्याला मोठ्या गाठींचे टायर जड जातात. मध्यभागी सपाट पट्टा असलेले टायर त्याच सायकलीला हलकी करतात. टायर घेताना मात्र आकार नीट पाहावा. ‘२६ इंच’ एवढे सांगून भागत नाही. जाड टायरच्या २६ × १.९५ सायकलीची रिम ५५९ मिलिमीटरची, तर २६ × १ ३/८ या बारीक टायरची ५९० मिलिमीटरची असते. एकाचे टायर दुसऱ्यावर चढत नाही. हा आकडा टायरच्या बाजूला छापलेला असतो.

चेनच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी. साध्या सायकलीची चेन रुंद, एक-अष्टमांश इंचाची असते. गिअरच्या सायकलीची अरुंद, तीन-बत्तीसांश इंचाची. रुंद चेन गिअरवर नीट चालत नाही.

काय बदलू नये

तरुण मुले प्रथम डिस्क ब्रेक मागतात. पण त्यासाठी वेगळे हब लागते आणि फ्रेम व चिमट्यावर तशी बैठक असावी लागते. ती नसताना केलेली जुळवाजुळव खर्चिक आणि धोक्याची. पुढचा शॉकअप बदलण्याचेही तसेच. स्वस्त सायकलीचा मागचा शॉकअप पायडलवरचा जोर खातो आणि सांधे झिजले की सायकल डुलते. तेव्हा माल वाहणाऱ्याने मागे शॉकअप नसलेलीच सायकल निवडावी.

गिअरची संख्या वाढविण्यातही अर्थ नाही. उलट, सपाट मुलखात पुढच्या तीन चकत्यांऐवजी एकच ठेवून पुढचे गिअर काढून टाकले तर बिघाड कमी होतो आणि मागचे सात गिअर रोजच्या कामाला पुरतात.

कंपनीच्या नावावरही फार जाऊ नये. अ‍ॅटलससारख्या जुन्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला. तरीही तिच्या सायकली आजही चालतात, कारण बहुतेक सुटे भाग सर्वांना चालणाऱ्या मापाचे असतात. नाव नव्हे, माप पाहावे.

निगा

चिखलातून आल्यावर सायकल साध्या पाण्याने धुवावी. गाड्या धुण्याच्या सेंटरवरील जोराचा फवारा हबवर किंवा बी.बी.वर मारू नये. पाणी आत जाऊन ग्रीस निघते. चेन कोरडी करून प्रत्येक कडीवर थेंबभर तेल सोडावे आणि बाहेरचे तेल फडक्याने पुसून काढावे. बाहेर राहिलेल्या तेलाला धूळ चिकटते आणि ती धूळच चेन खाते. इंजिनातून निघालेले जळके ऑइल घालू नये, त्यात धातूचा कीस असतो. पावसाळा संपला की दोन्ही हब, हँडल व बी.बी. खोलून नवे ग्रीस भरावे. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काटा निघाला की नाही याची खात्री करावी.

मिस्त्री बांधवांसाठी

गिअरची सायकल आली की ‘हे आमच्याकडे होत नाही’ असे सांगून परत पाठविणारी दुकाने अजून आहेत. ते गिऱ्हाईक मग मोठ्या गावी जाते, आणि पंक्चरचे कामही सोबत घेऊन जाते. वास्तविक फ्री-व्हील काढण्याची चावी, क्रँक ओढण्याचा पाना, चेन तोडण्याचे यंत्र आणि चार, पाच व सहा मिलिमीटरचे एलन की एवढ्या हत्यारांवर बरेचसे काम भागते.

गिअर लावण्याचे तंत्रही अवघड नाही. मागच्या गिअरवर दोन बारीक स्क्रू असतात. ‘एच’ चा स्क्रू चेनला लहान चकतीच्या बाहेर पडू देत नाही, तर ‘एल’ चा स्क्रू मोठ्या चकतीपलीकडे आऱ्यांत जाऊ देत नाही. दुसरा ढिला राहिला तर चालत्या सायकलीत गिअर आऱ्यांत अडकून मोडतो. हे दोन्ही स्क्रू नीट बसवून नंतर वायरीचा ताण जुळविला की गिअर बिनआवाज पडतात. गिअर अडकविण्याची पट्टी वाकलेली असेल तर ती आधी सरळ करावी. अन्यथा सारी मेहनत वाया जाते.

दुरुस्त करून विकणाऱ्याने काय बदलले आणि काय जुनेच ठेवले ते चिठ्ठीवर लिहून द्यावे. मालातील दोष सांगून विकावा, ही शिकवण आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. धंद्याच्या दृष्टीनेही तेच फायद्याचे आहे. लहान गावात एका फसलेल्या गिऱ्हाइकाची गोष्ट सगळ्या बाजारात फिरते, आणि धड सायकल मिळालेला बाप आपल्या भावालाही त्याच दुकानी पाठवितो.