छत्तीसचा आकडा

माझी भाची तिसरीत आहे. तिच्या वहीत परवा एका गुणाकाराचं उत्तर ६३ असं लिहिलेलं दिसलं, शेजारी लाल फुली. ‘किती आलं गं?’ म्हणून विचारलं, तर ठामपणे म्हणाली, ‘छत्तीस.’ उत्तर छत्तीसच होतं. डोक्यात बरोबर, तोंडात बरोबर, कागदावर चूक.

त्या फुलीकडे बघता बघता माझ्या लक्षात आलं, पोरीने लिहिलं ते अगदी कानाला धरून लिहिलंय. ‘छत्तीस’ म्हणताना आपण आधी ‘छ’ म्हणतो, मग ‘तीस’. तिने ऐकलं त्या क्रमाने मांडलं: ६, मग ३. आपली मराठी एकक आधी बोलते आणि दशक आधी लिहिते. ही कसरत आपण इतक्या लहानपणी शिकलो की ती कसरत होती हेच विसरून गेलो.

आणि ते दोन आकडे तरी कसे! भांडणाऱ्या दोघांमध्ये छत्तीसचा आकडा असतो, कारण ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेत. म्हणजे आकृती जवळजवळ एकच, तोंड फक्त विरुद्ध दिशेला. आरशात धरा, तिनाचा सहा होतो.

मेंदूची खरी पंचाईत इथेच आहे. लाखो वर्षं त्याला एकच शिकवण मिळाली: वाघ डावीकडून दिसो की उजवीकडून, तो वाघच. कप कसाही फिरवा, कपच राहतो. डावं-उजवं सारखं मानणं ही मेंदूची हुशारी होती, जीव वाचवणारी. लेखनकला मात्र जेमतेम पाच हजार वर्षांची. एवढ्या थोड्या काळात वाचनासाठी वेगळा अवयव तयार होणं शक्यच नव्हतं. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास दहेन यांनी मांडलं आहे की, वाचायला शिकताना मेंदू डाव्या बाजूचा, चेहरे आणि वस्तू ओळखणारा एक तुकडा नव्या कामाला जुंपतो. लिपी कोणतीही असो, जागा जवळपास तीच. मग त्या तुकड्याला आपली जुनी हुशारी अक्षरांपुरती विसरावी लागते. म्हणून पाच-सहा वर्षांचं जवळपास प्रत्येक मूल कधी ना कधी अक्षरं उलटी काढतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

तरीही ताईने, म्हणजे भाचीच्या आईने, एलडी (अध्ययन-अक्षमता) सर्टिफिकेटची चौकशी सुरू केली, तेव्हा पहिलीच अट कानावर आली: मूल आठ वर्षांचं झाल्याशिवाय दाखला नाही. तिला तो सरकारी अडथळा वाटला. मला मात्र आता त्या अटीत मेंदूची सगळी गोष्ट दिसते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांनी आठव्या वर्षानंतर पहिला दाखला, चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी, अठराव्या वर्षी पुन्हा आणि तो शेवटचा दाखला कायमचा, असं ठरवलं. आठपर्यंत उलटी अक्षरं बहुतेक मुलांची आपोआप सुलटी होतात. तरीही आवाज आणि चिन्ह यांची गाठ बसत नसेल, ‘दिवस’ या शब्दात डोळ्यांना आधी वेलांटी दिसते आणि जिभेला आधी ‘द’ लागतो, एवढ्यावरच मूल रोज अडत असेल, तर मग नीट बघायला हवं.

आणि हे बघणं फार सुंदर असतं. आधी डोळे आणि कान तपासतात, दोष तिथे नाही ना याची खात्री करायला. मग बुद्ध्यांक. त्यासाठी आपल्याकडे बरीच वर्षं वापरली गेलेली चाचणी नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतली. मग वाचन, लेखन, गणित, स्मरणशक्ती यांची चाचणी, बहुधा बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने तयार केलेली. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की कळतं: बुद्धी शाबूत, वाचन मागे. त्या दोहोंतली दरी म्हणजेच निदान. मूल मंद नाही, हे त्या फायलीत आकड्यांनिशी लिहिलेलं असतं. ‘लक्षच देत नाही’ हे दोन वर्षं ऐकलेल्या ताईसाठी ते केवढं मोठं!

चाचणी कोणत्या भाषेत होते हेही तितकंच महत्त्वाचं. मराठीत शिकणाऱ्या मुलाला इंग्रजीच्या स्पेलिंगांवर जोखणं हा अन्याय आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाची चाचणी तयार केली. सुरुवातीच्या भाषांमध्येच तिच्यात हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठी होती, हे वाचून मला भरून आलं.

ही अडचण तशी जुनीच. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. हुशार, खेळात तरबेज, पण स्वतःचं नावही अक्षरं उलटसुलट करून लिहायचा आणि चूक त्याच्या ध्यानातही यायची नाही. त्याच्या शिक्षकाचं मत होतं की, शिकवणं सगळं तोंडी असतं तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. आपल्या १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, पर्सीसारख्यांचं नाव त्यांत नव्हतं. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले, तेव्हा ते आलं. आज दाखला असलेल्या मुलाला लेखनिक घेता येतो आणि पेपरच्या दर तासाला किमान वीस मिनिटं जास्त मिळतात. तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. त्या शिक्षकाला उमगलेलं नियमात उतरायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

भाचीला नोव्हेंबरात आठ पूर्ण होतील. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात असे दाखले देणारं क्लिनिक आहे; आधी तिथे जाऊन कागद कोणते लागतात ते विचारून यायचं ताईने ठरवलंय. तोवर मी आणि भाची रोज संध्याकाळी ताटात रवा पसरून बसतो. आधी तीस मांडायचे, मग त्यांच्या उजवीकडे ‘छ’ला बसवायचं. काल तिने ३ काढला, शाबासकीची वाट न बघता बोट पुढे सरकवलं आणि मध्येच थांबली.

‘मावशी, सहाचं तोंड कुठे?’

मी ताट तिच्याकडे थोडं वळवलं आणि तिचं बोट धरलं.