फरसूटला धग नको, पंखा हवा

अमेरिकेत पिट्सबर्गला भरणाऱ्या 'अँथ्रोकॉन' मेळाव्यात हजारो जण फरसूट, म्हणजे कृत्रिम फरचे प्राण्यांचे पोशाख, घालून लांडगे, कोल्हे, ड्रॅगन होऊन मिरवणुकीत चालतात. आतला माणूस घामाने निथळत असतो आणि पोशाखाची खरी काळजी घरी परतल्यावर सुरू होते.

हा फर बहुतेक वेळा अॅक्रिलिकचा. गरम पाणी किंवा ड्रायरची धग लागली की केसांची टोकं आखडतात, ती पुन्हा सरळ होत नाहीत. म्हणून अंगाचा भाग उलटा करून थंड पाण्यात, सौम्य डिटर्जंटने धुवायचा आणि पंख्याखाली वाळवायचा. मग कुत्र्यांसाठीच्या बारीक तारांच्या ब्रशने हलक्या हाताने विंचरायचं. गुंता टोकाकडून सोडवत मुळाकडे जायचं.

पोशाखाचं डोकं मशीनमध्ये टाकायचं नाही. त्यात फोम असतो, हॉट ग्लू असतो. आतून पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारतात, तेही ज्योतीपासून लांब.

शिवण उसवली तर डिंकापेक्षा सुई बरी. दोन्ही कडांच्या आतून आलटूनपालटून टाके घेत दोरा ओढला की फट मिटते. शिवणीत अडकलेले केस सुईच्या टोकाने बाहेर काढले की टाका दिसतसुद्धा नाही!

फोम आतपर्यंत कोरडा झाल्याशिवाय पोशाख पेटीत भरू नका. बुरशीचा वास सहजासहजी जात नाही.