ग्रंथालय आता उघडे आहे का?

तुमच्या शाळेच्या ग्रंथालयाच्या दारावर एक पाटी असेल : ‘वेळ सकाळी ११ ते सायंकाळी ५. रविवारी बंद.’ पाटी एकदा रंगवली की काम संपले! मग विद्यापीठाच्या ग्रंथालयाची वेळ इंटरनेटवरून कळवायची, यात अवघड ते काय?

अमेरिकेतील एखादे मोठे विद्यापीठ डोळ्यांसमोर आणा. तेथे मुख्य ग्रंथालयाखेरीज कायदा, वैद्यक, संगीत अशा विषयांची स्वतंत्र ग्रंथालये असतात. सत्र चालू असताना वेळ एक, सुटीत दुसरी. परीक्षा जवळ आली, की दार मध्यरात्रीनंतरही उघडे. समजा, अशी १० ग्रंथालये आहेत. प्रत्येकाची रोजची वेळ वेगळी लिहिली, तर वर्षाला ३,६५० नोंदी होतील. त्यांत चुका राहणारच. आणि एका चुकीपायी एखादा विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री बर्फ तुडवीत येऊन बंद दारापाशी उभा राहील.

यावर एक सोपी युक्ती आहे. तीन पारदर्शक कागद एकावर एक ठेवले आहेत, अशी कल्पना करा. सर्वांत खालच्या कागदावर नेहमीच्या आठवड्याची वेळ लिहिली आहे. मधल्या कागदावर परीक्षा, सुटी अशा ठरावीक काळातील वेळ. सर्वांत वर फक्त अपवाद; उदाहरणार्थ, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’चा सण, म्हणून बंद. संगणक वरून खाली पाहतो आणि जी नोंद प्रथम दिसेल ती खरी मानतो. हजारो नोंदींचे काम थोड्या ओळींत भागते.

आता एक गंमत पाहा. शुक्रवारची वेळ आहे सकाळी ८ ते रात्री २. शनिवारची, सकाळी १० ते सायंकाळी ६. रात्रीचा १ वाजला आहे. १२ वाजून गेल्यामुळे संगणकाच्या लेखी शनिवार उजाडला. तो शनिवारची ओळ वाचून सांगतो, ‘बंद!’ आत तर दिवे जळत आहेत! म्हणून नियम असा, की बंद होण्याची वेळ दिवसाच्या क्रमाने उघडण्याच्या वेळेआधीची असेल, तर ती दुसऱ्या दिवसाची समजावी आणि आजच्याबरोबर कालची ओळही तपासावी.

घड्याळही फसवते. अमेरिकेच्या बहुतेक भागांत २००७ पासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे २ वाजता घड्याळ एक तास मागे घेतात. त्या रात्री १ ते २ हा तास दोनदा येतो! शनिवारी रात्री १० ते पहाटे ३ उघडे असलेले ग्रंथालय ५ नव्हे, ६ तास उघडे राहते. आपल्याकडे घड्याळ वर्षभर एकच, म्हणून ही अडचण आपल्या लक्षात येत नाही. वेळेबरोबर ती कोठली, हेही नोंदवावे लागते ते यासाठीच.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वेळ एकाच ठिकाणी लिहावी; संकेतस्थळ, दारावरचा पडदा, विद्यार्थ्याचा फोन या सर्वांनी ती तेथूनच घ्यावी. चार ठिकाणी लिहिली, तर बदल करताना एखादे ठिकाण हमखास राहून जाते. आणि अचानक हिमवादळ आले, तर ‘आज बंद’ ही नोंद कोणा माणसालाच तत्काळ करावी लागते. संगणकाला खिडकीबाहेरचे दिसत नाही!

तुमच्या शाळेच्या ग्रंथालयासाठी असे तीन कागद तयार करून पाहा. वरच्या कागदावर किती ओळी आल्या, ते मोजा.