जमीन थांबली, धडधड नाही

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून दमलेली किल्लारी आणि आसपासची गावं पहाटे चारच्या सुमारास गाढ झोपेत होती. ६.२ तीव्रतेच्या भूकंपाचा धक्का बसला आणि दगड-मातीच्या जाडजूड भिंती अंगावर आल्या. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. वाचलेल्यांच्या मनात मात्र तो धक्का पुढेही बसत राहिला. पत्र्यावर मांजराने उडी मारली तरी दाराकडे धाव घ्यायची, छताखाली डोळा लागायचा नाही.

हा भित्रेपणा नव्हे. मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग धोका हेरतो. ‘हे कधी, कुठे घडलं’ याची नोंद हिप्पोकॅम्पस ठेवतो. जिवावरच्या प्रसंगात ही नोंद विस्कटते. त्यामुळे आठवणीला ‘झालं ते झालं’ असा शिक्का बसत नाही. तसाच आवाज, तसाच धुळीचा वास आला की शरीर पुन्हा त्या पहाटेत जाऊन पोहोचतं. घाम फुटतो, छाती धडधडते.

पहिले काही आठवडे असं होणं स्वाभाविक आहे, आणि बहुतेक जण सावरतात. महिना उलटूनही झोप, काम, नाती बिघडलेलीच असतील, तर तो आघातोत्तर तणाव विकार असू शकतो. १९८० साली मानसोपचाराच्या अमेरिकी वर्गीकरणात त्याला स्वतंत्र जागा मिळाली. ‘विसरून जा’ म्हणणं इथे निरुपयोगी, किंबहुना क्रूर. प्रशिक्षित तज्ज्ञासोबत सुरक्षित वातावरणात, रुग्णाच्या कलाने त्या आठवणीला सामोरं जाण्याचे उपचार परिणामकारक ठरले आहेत. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.