आठ रुपयांचें ऋण

उपकार ‘फेडावे’ असें आपण म्हणतों. जणूं तें वाण्याच्या वहींतलें देणें आहे. परंतु ज्यानें स्वतःचें आयुष्य आखडतें घेऊन दुसऱ्याला पुढें जाऊं दिलें, त्याचें देणें पैशानें कसें फिटावें? नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्रांत या प्रश्नाचें एक उत्तर सांपडतें, आणि तें पुस्तकी नाहीं.

गोखल्यांचा जन्म १८६६ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक येथला. १८७९ मध्यें वडील वारले तेव्हां गोपाळ अवघा १३ वर्षांचा होता. थोरले बंधु गोविंदराव यांनीं शिक्षण सोडलें आणि दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली. त्यांतले ८ रुपये ते गोपाळाच्या शिक्षणासाठीं पाठवीत. उरलेल्या ७ रुपयांत घर चाले. हा हिशेब क्षणभर थांबून पाहण्यासारखा आहे. अर्ध्याहून अधिक मिळकत धाकट्या भावाकडे जात होती! गोपाळाला त्याची जाणीव होती. दिव्याचें तेल वांचावें म्हणून तो रस्त्यावरच्या कंदिलाखालीं अभ्यास करी, असें सांगतात. मॅट्रिक झाल्यावर, आतां शिकणें पुरे, नोकरी करून भावाला हातभार लावावा, असें त्याच्या मनानें घेतलें. गोविंदरावांनीं तें मानलें नाहीं. कॉलेजच्या खर्चासाठीं वहिनीनें आपले दागिने पुढें केले.

१८८४ सालीं गोपाळराव बी. ए. झाले. येथून पुढें जगाची रीत अशी, कीं मुलानें वकील व्हावें, मोठी जागा मिळवावी, घरच्यांचे पांग फेडावे. वकिलीचा अभ्यास त्यांनीं आरंभिलाही होता. तो बाजूस ठेवून ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. वेतन दरमहा ७५ रुपये, आणि प्रतिज्ञा २० वर्षें सेवेची. व्यवहारी माणूस विचारील, ही भावाशीं कृतघ्नता नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. घरची चूल थंड ठेवून गांवाला वाढणें ही कृतज्ञता नव्हे. पण गोखल्यांनीं घर टाकलें नाहीं. १९०७ सालीं गोविंदराव वारल्यावर त्यांच्या कुटुंबाची काळजी त्यांनींच वाहिली. मात्र घर सांभाळलें कीं ऋण संपलें, असें त्यांचें वागणें दिसत नाहीं. फर्ग्युसन कॉलेजच्या इमारतीसाठीं सुटीच्या दिवसांत ते वर्गणी मागत हिंडले. जो स्वतः दुसऱ्याच्या कष्टावर शिकला, त्याला पुढच्या मुलांसाठीं परक्याच्या दारीं उभें राहण्याचा संकोच वाटत नसावा.

१२ जून १९०५ रोजीं त्यांनीं पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला. स्वतःसाठीं पैसा मिळविण्यांत शक्ति खर्च करणार नाहीं, अशी शपथ त्याच्या सभासदांना घ्यावी लागे.

पुढें १६ मार्च १९११ रोजीं गोखल्यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत प्राथमिक शिक्षणाचें विधेयक मांडलें. तयार असलेल्या नगरपालिकांनीं व लोकल बोर्डांनीं आपापल्या हद्दींत ६ ते १० वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचें करावें, आणि ज्या पालकाची प्राप्ति महिना १० रुपयांहून अधिक नाहीं त्याच्याकडून फी घेऊं नये, अशी त्यांत तरतूद होती. गोविंदरावांच्या १५ रुपयांना ही माफी लागू झाली नसती. ती त्यांच्याहूनही गरीब असलेल्यांसाठीं होती. एका भावानें एका मुलासाठीं जें केलें, तें देशांतल्या अनोळखी मुलांसाठीं सरकारी तिजोरींतून व्हावें, असाच या विधेयकाचा अर्थ लावावासा वाटतो.

विधेयक मार्च १९१२ मध्यें ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें. तीन वर्षांनीं, १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं, गोखले वारले. ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अंमलांत आला तो १ एप्रिल २०१० रोजीं.